बोटांना लागलेला उजेड

समुद्र मी पाहिलेला नाही. आमच्या ग्वाल्हेरात पाणी म्हणजे तिघरा धरणाचं, ते पण नळातून येईल तेवढंच. तरी समुद्राच्या एकदम खाली, जिथे सूर्याचा उजेड पोचतच नाही, तिथले मासे स्वतःची लाईट घेऊन कसे फिरतात हे मला आता इतकं पाठ झालंय की झोपेतून उठवून विचारा, सांगेन. कोणाच्या पोटाखाली बटणांसारखे दिवे, कोणाच्या डोळ्याखाली टॉर्च, कोणाच्या कपाळातून काडी निघालेली आणि काडीच्या टोकाला बल्ब. हे मी शाळेत नाही शिकले, शाळा माझी नववीतच सुटली. हे मी जळून शिकले. जळूनच म्हणते, दुसरा शब्द घातला तर खोटं होईल.

जळत होते मी माझ्या मोठ्या जावेवर. ती सिटी सेंटरला राहते, तिथल्या एका शाळेत सायन्स शिकवते, स्कूटी चालवते, आणि तिच्या घरात एक अख्खी भिंत नुसती पुस्तकांची आहे. तिचा मुलगा पुण्याला शिकायला गेला तेव्हापासून त्याची खोली, टेबल, खुर्ची, सगळं तसंच रिकामं. आम्ही दौलतगंजात, खाली दुकानं, वर तीन खोल्या, त्यात मी, माझे मिस्टर, सासूबाई आणि आमची मुलगी, तेव्हा ती सात वर्षांची होती. मिस्टर टेंटवाल्यांना लाईट पुरवतात, लग्नात लावतात त्या बारक्या दिव्यांच्या माळा, आमच्याकडे झालर म्हणतात. लग्नं संपली की बिघडलेल्या झालरींची पोती घरी येतात आणि ती मी दुरुस्त करते. गच्चीच्या जिन्यात बसायचं, दोन वायरी घ्यायच्या, झालरीच्या बरोबर मध्ये टोचायच्या, अर्धी लागली तर खराबी उरलेल्या अर्ध्यात, मग त्याचे अर्धे, मग त्याचे पण अर्धे, असं करत करत मेलेला बल्ब सापडतो. एक मेला की त्याच्याबरोबर सगळी झालर मरते ना. मग तो कापायचा, नवा लावायचा, वर गरम रांग्याचा, म्हणजे सोल्डरचा, थेंब. माझ्या बोटांवर त्या रांग्याचे डाग आहेत. हे काम मला येतं. पण घरात याला काम कोणी म्हणत नाही, "ती बसल्या-बसल्या करते काहीतरी," असं म्हणतात.

तर गेल्या पावसाळ्यात मी अशीच जिन्यात बसले होते आणि मुलगी मोबाईल घेऊन धावत आली.

"आई, ये देखो! इसके सिर पे बल्ब है! याचा सेल कुठे असतो?"

मी बघितलं तर काळाकुट्ट मासा, तोंडभर दात, आणि डोक्यावर खरंच दिवा. मला काय माहीत? पण माझी एक खोड आहे, मला येत नाही हे कोणाला कळेल याची मला इतकी भीती वाटते की मी पटकन काहीतरी बोलून मोकळी होते. शाळेत पेरेंट मीटिंगला जाते तेव्हा पण मी सगळ्या मम्म्यांच्या मागे उभी राहते आणि टीचर जे बोलेल त्याला मान हलवते. तर मी म्हटलं, "पोटात असतो सेल."

"मग चार्ज कसा करतो?"

"ढगात वीज चमकते ना, ती पाण्यात पडते. तो पिऊन घेतो."

पोरीने हे दुसऱ्या दिवशी वर्गात उभं राहून सांगितलं. सगळे हसले. टीचर पण हसली. घरी आली, दप्तर ठेवलं. सरळ फोन घेतला आणि काकूला लावला, व्हिडिओवर, आणि काकूने सांगितलं. मी कणीक मळता मळता ऐकत होते. की बाळा, त्याच्या अंगात सेल नसतो, वीज पण नसते. काही मासे आपल्या अंगात दोन वेगळी रसायनं तयार करतात, ती एकत्र आली की उजेड होतो, आणि तो उजेड थंड असतो, हात लावला तर चटका नाही बसत. मागे आरशासारखा पडदा, पुढे भिंगासारखं झाकण, अगदी टॉर्चसारखं. आणि तुझा तो बल्बवाला मासा आहे ना, त्याचा तर उजेड त्याचा स्वतःचा पण नाही! त्या बल्बमध्ये बारके बारके जंतू राहतात, ते चमकतात, मासा त्यांना फक्त घर देतो.

"मतलब किरायेदार!" मुलगी म्हणाली.

"करेक्ट!" काकू म्हणाली आणि दोघी हसल्या.

त्या दिवसापासून रोज पाच वाजता. पाण्याच्या तांब्याला टेकवून मोबाईल उभा करायचा आणि काकू, काकू, काकू. मी चहा ठेवला तरी लक्ष नाही. आता ती बोलताना पण "करेक्ट" म्हणायला लागली. मी म्हटलं, आज भेंडीत मीठ जास्त झालं वाटतं, तर ही म्हणते, "करेक्ट." रविवारी काकूकडे जायची ती परत यायची तेव्हा वेणी वेगळी घातलेली असायची, आणि मी घातलेली वेणी कुठे गेली असं मी विचारायचे नाही, पण सोमवारी सकाळी ती वेणी मी जरा जोरातच सोडायचे. पोर "आई गं" म्हणायची. मला कळायचं मी काय करतेय. तरी करायचे.

मग मी ठरवलं, आपण पण शिकायचं. दुपारी सासूबाई आडव्या झाल्या की मी जिन्यात आवाज एकदम बारीक करून हिंदीतले व्हिडिओ बघायचे. एका हातात झालर, एका कानात मासे. काही शब्द तर डोक्यावरून जायचे, ते मी परत परत लावायचे. तिथे मला एक मासा सापडला. बाकी सगळ्यांचा उजेड निळा असतो, कारण पाण्यात निळा लांब जातो, आणि खालच्या बहुतेक माशांना लाल रंग दिसतच नाही. पण या एका माशाच्या डोळ्याखाली लाल दिवा असतो आणि त्याला स्वतःला तो दिसतो. म्हणजे तो लाल टॉर्च मारून सगळ्यांना बघत फिरतो आणि कोणाला पत्ता नाही की आपल्याकडे कोणी बघतंय. मला तो मासा इतका आवडला! मला वाटलं, हा मीच आहे. पडद्यामागे उभी राहून दोघींना बघत असते. दोन दिवस मी तो जपून ठेवला, वाक्यं पाठ केली, आणि तिसऱ्या दिवशी तिच्या केसांना तेल लावता लावता म्हटलं, "तुला माहितीये का, एक मासा असतो, त्याचा दिवा लाल..."

"हो, आणि दुसऱ्यांना दिसतच नाही! काकूने परवाच सांगितलं."

बस. तेलाची वाटी मी तिथेच ठेवली.

पोर मात्र सगळ्यांना सांगत सुटायची. एकदा जेवताना आजीला म्हणाली, "आजी, समुद्राच्या तळाशी एक लिबलिबीत प्राणी असतो. त्याला कोणी पकडलं ना, तर तो आपली चमकणारी कातडी सोडून देतो. ती पकडणाऱ्याच्या अंगाला चिकटते. मग चोर अंधारात चमकत राहतो आणि मोठे मासे त्याला पकडतात!"

सासूबाई म्हणाल्या, "बरं आहे गं. आपलं दूध पिऊन जाते त्या मांजरीला लागायला पाहिजे तसलं काही."

आम्ही सगळे हसलो. मी पण हसले.

मग जन्माष्टमीचं पारणं आलं. भावजी आणि जाऊबाई आमच्याकडे जेवायला होते. जेवता जेवता जाऊबाई म्हणाल्या, माझ्या मिस्टरांकडे बघून, "माझ्या शाळेत तिच्या वर्गात एक जागा रिकामी झालीये. महालक्ष्म्या झाल्या की मी तिला घेऊन जाते. राहील माझ्याकडेच, खोली आहेच, टेबल आहे. शनिवार-रविवार इकडे येईल. पोरगी हुशार आहे हो, इथे काय होणार तिचं?"

मिस्टर म्हणाले, "बघू." त्यांचं बघू म्हणजे हो. सासूबाई म्हणाल्या, "शिकेल, चांगलंच आहे." आणि मग माझ्याकडे वळल्या, "अगं, कढी वाढ ना भावजींना."

मी कढी वाढली. मला म्हणायचं होतं, माझी एकुलती एक पोर आहे, मी काय करू मग या तीन खोल्यांत? पण म्हणणार कोणत्या तोंडाने? वीज पिणारा मासा मीच सांगितला होता ना. त्या चारचौघांत कोणी म्हटलं असतं, तू काय शिकवणार तिला, तर मी काय बोलले असते?

आता महालक्ष्म्यांचं सांगते. महालक्ष्म्या म्हणजे गणपतीत तीन दिवस येतात त्या गौरी. त्या दोघी असतात, ज्येष्ठा आणि कनिष्ठा, बहिणी-बहिणी. आमच्या घरी रीत अशी की ज्येष्ठेला मोठी सून साडी नेसवते आणि कनिष्ठेला धाकटी. आणि हळदीकुंकवाला येणाऱ्या बायका कनिष्ठेकडे बघून नेहमी म्हणणार, "निऱ्या जरा सुटल्या का गं?" माझ्या लग्नापासून दर वर्षी. कनिष्ठेचं तोंड तसंच हसरं, माझं नाही.

त्या वर्षी मुलीने हट्ट धरला की महालक्ष्म्यांसमोरची आरास समुद्राच्या तळाची करायची. सासूबाई एकदम ओरडल्याच, "देवीसमोर मासळी? आपल्या घरात?"

"आजी, मत्स्यावतार कोण होता मग?"

सासूबाईंनी दोन मिनिटं विचार केला. "बरं, ठेवा. पण वास नको."

"आजी, कागदाचे आहेत!"

तो आठवडा माझ्या आयुष्यातला फार सुखाचा आठवडा होता, सांगते तुम्हाला. मिस्टरांनी कुठूनतरी फ्रिजचा रिकामा खोका आणला, आम्ही मायलेकींनी तो आतून काळा रंगवला आणि आडवा ठेवला. काळ्या कागदाचे मासे कापले. मी तीन पोती उपसून सगळ्या झालरींतले फक्त निळे बल्ब वेगळे काढले. पोर पोटावर आडवी पडून मला सांगायची कुठे लावायचे. मी आधी पाठीवर लावत होते, वरून छान दिसतात ना, तर ती म्हणाली, "नाही आई, पोटाला. वरून थोडा थोडा उजेड येतो, त्याच्यात खालून बघणाऱ्याला माशाची सावली दिसते. म्हणून तो पोटाखाली दिवे लावतो, वरच्या उजेडाएवढेच. मग सावली गायब. तो दिवे लावतो ते लपायला!" मी म्हटलं, असं? मला माहीत होतं, व्हिडिओत बघितलं होतं, पण मी म्हटलं, असं? आणि तिने मला सगळं परत समजावून सांगितलं. बारीक बल्ब धरायला तिची बोटं, गरम रांगा लावायला माझी. सात दिवस पाच वाजताचा फोन पाच मिनिटांत संपायचा. "काकू, बाय, आई बोलावतेय."

पूजेच्या दिवशी सकाळी जाऊबाई आल्या आणि त्यांच्या हातात मासा. थर्माकोलचा, कोंबड्याएवढा, दात कापून बसवलेले, कपाळातून तार आणि तारेला बल्ब, आत दिवा आणि बाहेरून तो अंधारात चमकणारा रंग, बाजारात रेडियम म्हणतात तो. "शाळेतल्या मुलांनी मदत केली," म्हणाल्या, "रंग अजून जरा ओला आहे, हात लावू नको हं बाळा. याच्या आत सेल आहे, तुमच्या झालरीशी याचा संबंध नाही."

पोरीने असा चीत्कार केला! मासा खोक्याच्या एकदम मधोमध बसला. आमचे कागदाचे मासे त्याच्याभोवती असे दिसायला लागले जसे लग्नात बिनबोलावता आलेले लोक. आणि मुलगी जावेच्या कमरेला मिठी मारून म्हणाली, "काकू, तू बेस्ट आहेस. बेस्ट!"

तेव्हा झालं ते. जेवणं झाली, बायका साड्या बदलायला आतल्या खोलीत गेल्या, पुरुष गच्चीवर. बाहेरच्या खोलीत मी, खोका आणि दोन महालक्ष्म्या. मी वाकले, खोक्यात हात घातला, त्या माशाची काडी धरली आणि बल्बची वायर ओढून तोडली. कटकन आवाज झाला. इतकाच. मला वाटलं, आता सगळे निळे मासे लागतील आणि हा मधला काळा राहील, आणि बायका म्हणतील, मोठीचा नाही लागला वाटतं. इतकंच हवं होतं मला. एकदा तरी. वर बघितलं तर ज्येष्ठा आणि कनिष्ठा दोघी हसत उभ्या. मी पदर सावरून स्वयंपाकघरात पळाले आणि कुंकवाचं तबक भरायला घेतलं.

दुपार कलली आणि बायका आल्या, आठ-दहा होत्या, सगळ्या ओळखीच्या, गल्लीतल्या. मिस्टरांनी खिडक्यांवर चादरी टांगल्या, दार लावलं, खोलीत अंधार झाला. मुलगी परकर-पोलकं घालून खोक्याच्या बाजूला उभी राहिली, तिने भाषण पाठ केलं होतं. "समुद्राच्या तळाशी कायम अंधार असतो," असं म्हणून तिने बटण दाबलं.

काहीच नाही लागलं.

आमचा एक पण मासा नाही. सगळे निळे मेलेले. आणि मधोमध तो एकटा, जावेचा बल्ब, बिनविजेचा, त्या रंगावर, हिरवा हिरवा चमकत होता.

"अगं बाई, एकच का? बाकीचे जेवून झोपले वाटतं!" एक बाई म्हणाली आणि सगळ्या हसल्या.

पोरीने परत बटण दाबलं. परत. परत. मग तिचा आवाज आला, "आई..." आणि रडू.

अंधारात मिस्टर म्हणाले, "असं कसं झालं? सकाळी त्या मोठ्या माशाचा सेल उतरला होता म्हणून मी त्याची वायर आपल्याच झालरीत जोडून दिली होती. लागत होती तेव्हा!"

एक मेला की सगळी झालर मरते, हे मला कोणी सांगायला हवं का? जी रोज दुपारी तेच करते तिला? मी त्याचा एक तोडला आणि माझे, पोरीचे, सात दिवसांचे सगळे विझवले.

"थांबा, मी बघते," म्हणून मी खोक्यात शिरले. हात पुढे केला आणि थिजलेच. माझी बोटं चमकत होती. अंगठा आणि पहिलं बोट, टोकाला हिरवी. त्या काडीचा ओला रंग. मी हात पदरात गुंडाळला. पाठीमागे सगळ्या बायका, जाऊबाई, पोर. मला तो लिबलिबीत प्राणी आठवला आणि मी खरंच घाबरले, आता कोणीतरी येणार आणि मला गिळणार असं वाटलं. मग पदराआडूनच वायर शोधली, शोधायची काय होती, कुठे तुटलीये ते माझ्याशिवाय कोणाला माहीत होतं. पीळ दिला. सगळा खोका निळा झाला.

टाळ्या वाजल्या. "काय हात आहे गं हिचा!" "इंजिनियर आहे आपली सूनबाई!" कोणीतरी माझी पाठ थोपटली. मला आजपर्यंत त्या खोलीत कोणी असं म्हटलं नव्हतं.

जाऊबाई माझ्या जवळ होत्या. हळू म्हणाल्या, "एवढ्या अंधारात, एवढ्या लवकर सापडलं?"

"रोजचंच काम आहे माझं," मी म्हटलं.

मुलीने भाषण कसंतरी उरकलं आणि कुंकू लावणं चालू झालं तेव्हा ती दिसेना. मला माहीत होतं कुठे असेल. जिन्यात, झालरीच्या पोत्यांमध्ये, गुडघ्यांत तोंड खुपसून बसली होती.

"काय झालं गं राणी? लागले ना सगळे दिवे?"

"आई, माझ्यामुळे बंद झाले होते. काकूने हात लावू नको सांगितलं होतं. मी लावला सकाळी. चुपके से. बल्बला." आणि मग माझा हात धरून म्हणाली, "काकूला नको सांगू ना. तिला कळलं तर ती मला नेणार नाही."

खरं सांगते. त्या क्षणी माझ्या मनात काय आलं ते मी इथे लिहिते, नाहीतर हे सगळं लिहून उपयोग काय. मनात आलं, गप्प राहा. गप्प राहिलीस तर पोर आपल्याच लाजेने काकूपासून लांब होईल, आणि तुला काही करावं लागणार नाही. दोन मिनिटं मी तशीच बसले. ती हुंदके देत होती. तिची बोटं बघितली, सकाळचा रंग तिच्या पण एका बोटाला असेल म्हणून, पण तिने घासून घासून धुतली होती, इतकी की कातडी लाल झाली होती.

मी पदर दोघींच्या डोक्यावरून ओढला. जरीचा जाड पदर, आत अंधार झाला. आणि मी माझी दोन बोटं तिच्या डोळ्यांसमोर धरली.

ती रडायची थांबली. माझी बोटं धरून जवळ नेली.

"ये तो... तू तोडलंस?"

"हो."

"का?"

"तू जाशील म्हणून."

तिने पदर बाजूला केला आणि उठली. माझ्याकडे बघितलं पण नाही. तडक खाली. मी मागे पळाले, पण ती सात वर्षांची, मी नऊवारीत. बायका गेल्या होत्या. स्वयंपाकघरात सासूबाई, मिस्टर, भावजी, जाऊबाई, सगळे होते, आणि मी दारात पोचले तेव्हा ती म्हणत होती, "आईने तोडलं. काकूचा बल्ब आईने तोडला, मी नाही."

मला वाटलं, आता घर कोसळेल. मिस्टर म्हणाले, "काय?" सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "अगं, सणासुदीला? देवीसमोर?"

जाऊबाई कप विसळत होत्या. म्हणाल्या, "मला कळलं होतं. बोटं बघितली मी." आणि मग एकदम आवाज चढला त्यांचा, "तुला पाठवायची नव्हती तर सांगायचं होतंस ना मला! पोरीच्या आठवड्याची माती केलीस!"

"तुम्ही विचारलं कुठे मला, वहिनी?"

हे मी बोलले. मला माझाच आवाज ओळखू येईना. "तुम्ही यांना विचारलं, आईंना विचारलं. मला कढी वाढायला सांगितलं."

नळ चालू होता, तो भावजींनी बंद केला. आणि कसं असतं, एकदा सगळ्यात वाईट ते बोलून झालं ना, की पुढचं बोलायला भीती उरत नाही. मी म्हटलं, "शाळा चालेल. तुमची शाळा चांगली आहे, मला माहितीये, मी तिला नाही शिकवू शकत जे तुम्ही शिकवता. पण राहायला नाही. सकाळी जाईल, दुपारी आपल्या घरी येईल. वेणी मी घालणार."

"वेणीचं काय मध्येच?" मिस्टर म्हणाले.

जाऊबाईंना कळलं असावं. त्यांनी कप पालथा घातला. "खोली रिकामी आहे म्हणून म्हटलं होतं," इतकंच म्हणाल्या, आणि त्यांचं तोंड मला पहिल्यांदा असं दिसलं की यांना पण काहीतरी हवं होतं, जे माझ्याकडे आहे. मला त्यात बरं वाटलं. वाईट आहे, पण वाटलं.

मिस्टरांनी घसा साफ केला. "शाळेची व्हॅन दाल बाजारच्या कोपऱ्यावर येते."

पोर माझ्याशी दीड दिवस बोलली नाही. महालक्ष्म्यांची पाठवणी झाली, मुखवटे डब्यात गेले, खोका रिकामा करायला घेतला तेव्हा ती येऊन बसली. झालर गुंडाळायला लागली. मग म्हणाली, "दाखव, कुठे तोडलं होतंस."

मी दाखवलं.

"आणि तू तोडलं नसतं, आपोआप गेलं असतं, तर कसं शोधलं असतं?"

मी पोत्यातली एक मेलेली झालर काढली आणि दोन वायरी तिच्या हातात दिल्या. मध्ये टोच म्हटलं. अर्धी लागली? मग खराबी कुठे? "इकडच्यात!" आता याचे अर्धे कर. तिने चौथ्या वेळेला बल्ब पकडला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "करेक्ट?"

"करेक्ट," मी म्हटलं. जिभेला कसंतरीच झालं.

आता ती त्या शाळेत जाते, व्हॅनने येते-जाते. पाच वाजताचा फोन अजून असतो, दिवसभर काकूच्याच शाळेत असून यांचं बोलणं संपत नाही. मी आत कणीक मळते. जळणं गेलं असं मी म्हणणार नाही. पण आता कणीक झाकून बाहेर येऊन बसते पोरीच्या बाजूला, आणि नाही कळलं तर विचारते, "वहिनी, परत सांगा."

जावेचा मासा कपाटावर आहे. फेकून द्यावा असं दोनदा मनात आलं, दिला नाही. संध्याकाळी अचानक लाईट जाते तेव्हा घरात पहिला तोच दिसतो, हिरवा. पोर ओरडते, "काकूचा मासा!" मग ती अंधारात चाचपडत येते, माझा हात शोधते, मूठ उघडते आणि एकेक बोट डोळ्यांजवळ नेऊन बघते, कुठे काही चमकतंय का.